कमान राहिली, कमानगर गेला

मराठी भाषेत ‘कमान’ हा शब्द ठायी ठायी आढळतो. गावाच्या वेशीला कमान असते, नदीवरील जुन्या पुलाला कमानी असतात, घड्याळाच्या पोटात कमान असते आणि पुढाऱ्यांच्या आगमनाच्या दिवशी रस्त्यारस्त्यांवर कमानी उभ्या राहतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्य असा आहे. आणि ते धनुष्य घडविणाऱ्याला कमानगर म्हणत. वस्तूचे नाव भाषेने शतकानुशतके जपले. ती घडविणाऱ्याचे नाव मात्र आज काही घराण्यांच्या आडनावापुरते उरले आहे. श्रमाचे फळ समाजाच्या स्मरणात राहते आणि श्रमिक विस्मरणात जातो, हा इतिहासाचा जुनाच क्रम होय. कमानगराच्या बाबतीत तो कसा घडला, हे पाहणे आज अप्रस्तुत ठरू नये. केंद्र शासनाने २०२३ साली पारंपरिक कारागिरांसाठी जी विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्या अठरा व्यवसायांच्या यादीत शस्त्रे घडविणाऱ्याचाही समावेश आहे. यादीत नाव आले. पण नाव येण्याने कारागीर जगतो काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

प्रथम हे काम कसे आहे, ते नीट समजून घ्यावयास हवे. धनुष्य म्हणजे वाकविलेली काठी व तिला बांधलेली दोरी, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. साध्या धनुष्यापुरती ती अगदीच चुकीची नाही. परंतु तुर्कस्थानपासून कोरियापर्यंत आणि मोगलकाळात भारतातही जे धनुष्य मान्यता पावले होते, ते उलट्या बाकाचे होते. दोरी उतरविली की त्याच्या भुजा नेमबाजापासून दूर, लक्ष्याच्या दिशेने वळतात. काही धनुष्ये तर अशा वेळी जवळजवळ वर्तुळाकार होतात. दोरी चढविताना या भुजा त्यांच्या स्वाभाविक वळणाविरुद्ध खेचाव्या लागतात. त्यामुळे ओढ सुरू होण्यापूर्वीच धनुष्यात ताण भरलेला असतो, आणि आखूड धनुष्यातूनही लांब पल्ल्याचा बाण सुटू शकतो. घोड्यावर बसून लढणाऱ्याला हेच सोयीचे होते.

पण एवढा ताण निव्वळ लाकडाला सहसा सोसत नाही. वाकविलेल्या भुजेच्या बाहेरच्या अंगाला ताण बसतो, आतल्या अंगाला दाब बसतो. एका अंगाचे तंतू तुटतात, दुसऱ्याचे चिरडतात. यावर पूर्वीच्या कारागिरांनी जो तोडगा काढला, तो आजच्या अभियंत्यालाही मान्य करावा लागेल असा आहे. मध्ये लाकडाचा पातळ गाभा, दाबाच्या अंगाला म्हशीच्या शिंगाची पट्टी आणि ताणाच्या अंगाला जनावराच्या स्नायूंचे तंतू. प्रत्येक पदार्थाला जे सोसते तेच काम त्याच्याकडे सोपविलेले. तुर्की कारागीर गाभ्यासाठी मॅपलचे लाकूड वापरीत. कोरियात गाभा बांबूचा, टोके तुतीच्या लाकडाची आणि मूठ ओकची असते. गाभ्याचे तुकडे टोकदार सांध्यांनी एकमेकांत बसवावयाचे, टोके उष्णतेने वाकवावयाची, शिंगावर व लाकडावर दातेरी हत्याराने बारीक चरे पाडावयाचे, म्हणजे सरस धरतो. स्नायू वाळवून, कुटून, विंचरून त्यांचे तंतू वेगळे करावयाचे आणि सरसात भिजवून ते थरावर थर असे बसवावयाचे. एक थर सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. कोरियातील कारागीर या कामी माशाच्या वाताशयाचा सरस वापरतात. कोळीवाड्यांत जिला ‘भोत’ म्हणतात तीच ही पिशवी, आणि मासाही घोळीच्याच कुळातला. अखेर दमटपणापासून रक्षण व्हावे म्हणून पाठीवर भूर्जाची साल चढवितात.

यानंतरचे काम सर्वांत नाजूक. दोन्ही भुजा सारख्याच वाकल्या पाहिजेत. एक भुजा किंचित जरी ताठ राहिली तरी बाण वाकडा जातो, आणि दुर्बल भुजा लवकर मोडते. म्हणून कारागीर धनुष्य ओढून पाहतो, डोळ्यांनी बाक तपासतो, जेथे ताठरपणा आहे तेथे कानशीने किंचित घासतो, पुन्हा ओढून पाहतो. घासलेले परत लावता येत नाही. महिनोन्‌महिन्यांचे श्रम या अखेरच्या दिवसांत एका चुकीने वाया जाऊ शकतात. सरस हवामानाला वश असल्याने कोरियात हे काम थंडीच्या हंगामातच चालते. तुर्की धनुष्य तर सुकण्यासाठी वर्षवर्ष ठेवीत असत. याचा अर्थ असा की, कारागिराचे श्रम आणि त्याने विकत घेतलेला माल हे दोन्ही दीर्घकाळ अडकून पडतात. धनुष्य विकले जाईपर्यंत चूल पेटविण्यासाठी त्याला कोणाचा तरी आधार लागतो. हा आधार कोणाचा, या प्रश्नातच कमानगराच्या उदयास्ताचे मर्म आहे.

तो आधार राज्यसंस्थेचा होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगताना ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांची नोंद केलेली आहे, आणि दोऱ्यांमध्ये बांबूच्या व स्नायूच्या दोरीचाही उल्लेख आहे. विष्णूच्या धनुष्याला ‘शार्ङ्ग’ म्हणतात तेही शृंग म्हणजे शिंग यावरूनच. म्हणजे राजाच्या कोठाराला धनुष्य हवे होते म्हणून ते घडविणारा हात पोसला जात होता. मोगल काळात हीच व्यवस्था अधिक विस्तारली. पुढे बंदुका स्वस्त आणि भरवशाच्या झाल्या, सैन्यांची रचना बदलली, आणि कोठारातील मागणी आटली. कारागिराला त्याची पूर्वसूचना कोणी दिली नाही, भरपाईचा तर प्रश्नच नव्हता. त्यावर इंग्रज राजवटीने लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा केला, तेव्हा शस्त्रांच्या व्याख्येत तोफा-बंदुकांच्या बरोबरीने धनुष्यबाणही घातला. तोवर कमानगराचा धंदा बहुतांशी बसला होता हे खरे; परंतु प्रजेच्या हातातील बांबूच्या कांबीचेही राज्यकर्त्यांना भय वाटत होते, ही गोष्ट त्या व्याख्येत नोंदली गेली आहे. ते भय निष्कारण नव्हते. १८५५ सालच्या संथाळांच्या उठावात, १८५८ साली खानदेशात आंबापाणीच्या लढाईत आणि शतक संपता संपता बिरसा मुंडाच्या उलगुलानमध्ये हेच शस्त्र त्यांच्यासमोर उभे राहिले होते.

मग कमानगरांचे काय झाले? ते हात जोडून बसले नाहीत. धनुष्यावर वेलबुट्टी काढण्याचे कसब त्यांच्यापाशी होतेच. कच्छमधील कमानगर चित्रकार झाले. भूज, मुंद्रा, मांडवी येथील श्रीमंतांच्या वाड्यांच्या भिंती त्यांनी चित्रांनी भरल्या आणि ती शैली ‘कामांगरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २००१ सालच्या भूकंपात त्यांतील कितीतरी भिंती कोसळल्या. पंजाबातील कमानगर लाकडावर रंगकाम करू लागले आणि हाडे बसविण्याच्या विद्येसाठीही प्रसिद्धीस आले. ज्या बोटांना लाकडाचा बाक न पाहताही समजत असे, त्या बोटांना निखळलेला सांधा समजणे अवघड गेले नसावे. ‘कारागीर परिवर्तनाला तयार नसतो’ असा जो आक्षेप सुशिक्षित वर्गाकडून वारंवार घेतला जातो, त्याला यापेक्षा समर्पक उत्तर नाही. कारागीर बदलला. न बदलली ती एकच गोष्ट: गरज असेपर्यंत त्याचे कसब वापरावयाचे आणि गरज संपताच त्याला त्याच्या नशिबावर सोडावयाचे, ही राज्यकर्त्यांची वृत्ती.

इतर देशांत काय घडले, हेही पाहण्याजोगे आहे. तुर्कस्थानात मेहमद दुसरा याने १४५३ साली इस्तंबूल जिंकल्यानंतर नेमबाजीसाठी राखून ठेवलेले ‘ओक मैदान’ शतकानुशतके गजबजलेले होते. युद्धातून धनुष्य गेल्यावरही ते तेथे क्रीडा म्हणून टिकले, कारण सुलतानांचा आश्रय होता. आश्रय संपला तसे कारागीरही संपले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी करू पाहणाऱ्यांना जुने ग्रंथ चाळावे लागले आणि संग्रहालयांतील धनुष्ये तपासावी लागली. कारण विचारावयास जिवंत माणूस सापडणे कठीण झाले होते. २०१९ साली युनेस्कोने तुर्की धनुर्विद्येला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. गौरव योग्यच होता. पण कारागिरांची साखळी तुटल्यानंतर तो आला.

कोरियाने वेगळा मार्ग धरला. तेथेही १८९४ च्या सुधारणांनंतर सैन्यातून धनुष्य गेले, त्यानंतर देशच पारतंत्र्यात गेला, पुढे युद्धाने उद्‌ध्वस्त झाला. तरीही दक्षिण कोरियाने १९६२ साली सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला आणि १९७१ साली धनुष्य व बाण घडविण्याच्या कसबाला त्या कायद्याखाली मान्यता दिली. मान्यता वस्तूला नव्हे, कसबाला आणि ते धारण करणाऱ्या माणसाला. अशा कारागिराला दरमहा मानधन मिळते आणि त्याने शिष्य तयार करावेत, लोकांसमोर काम करून दाखवावे, ही जबाबदारी त्याच्यावर असते. या मानधनाहूनही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तेथील पारंपरिक धनुर्विद्येत सर्वसाधारण नेमबाज आज काचतंतूंचे स्वस्त धनुष्य वापरतात. परंतु वरच्या श्रेणींच्या परीक्षेला बसावयाचे तर शिंग-स्नायूचे धनुष्य व बांबूचे बाणच घ्यावे लागतात. या एका नियमाने कारागिराच्या दारी गिऱ्हाईक आणले. एका बाजूने मानधन आणि दुसऱ्या बाजूने मागणी, अशा दोन भुजांवर ती व्यवस्था उभी आहे. तिच्यातही उणिवा आहेत. मान्यता मोजक्यांनाच मिळते, आणि वर्षानुवर्षे उमेदवारी करण्यास तरुण सहजासहजी पुढे येत नाहीत. पण साखळी तुटली नाही. आणि ज्या देशाने हे जुने धनुष्य जपले, त्याच देशातील कारखान्यांची आधुनिक धनुष्ये आज जगभरचे खेळाडू वापरतात, हेही ध्यानात घ्यावे. परंपरा जपणे म्हणजे यंत्रयुगाकडे पाठ फिरविणे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

भारतात चित्र काय आहे? स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले. समाजवादी चळवळीतूनच पुढे आलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले आणि कारागीर हा दयेचा विषय नसून राष्ट्राच्या उत्पादनातील हक्काचा भागीदार आहे, ही दृष्टी त्या कामाला दिली. ते मंडळ २०२० साली, महामारीच्या धामधुमीत, बरखास्त करण्यात आले. तीन वर्षांनी विश्वकर्मा योजना आली. तिच्यात अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य, अल्पकाळाचे प्रशिक्षण, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज अशी तरतूद आहे. सावकाराच्या व्याजाशी तुलना करता ही सवलत लहान म्हणता येणार नाही, आणि ती मिळवून देण्यासाठी कार्यकर्त्यांनी कारागिरांच्या पाठीशी उभे राहणे हे कर्तव्यच आहे. तथापि योजनेचा कणा कर्ज हा आहे. ज्याच्या मालाला मागणी नाही त्याला कर्ज देणे म्हणजे बुडत्याच्या हाती दोर देण्याऐवजी दगड देणे होय. कमानगर भांडवलाअभावी संपला नाही. गिऱ्हाईक गेले म्हणून संपला.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. ही योजना कुटुंबपरंपरेने चालत आलेल्या व्यवसायांसाठी आहे, असे तिच्या नियमांतच म्हटले आहे. जातीने नेमून दिलेला धंदा हा या देशातील कारागिरांचा सर्वांत मोठा तुरुंग होता. कसबाचे रक्षण करण्याच्या नावाखाली त्या तुरुंगाच्या भिंतींची डागडुजी होता कामा नये. कमानगराच्या मुलाला चित्रकार, वैद्य वा अभियंता होण्याची मोकळीक हवी; आणि ज्याच्या सात पिढ्यांत कोणी रंधा धरला नाही अशा मुलाला वा मुलीलाही हे कसब शिकण्याचा हक्क हवा. दार दोन्ही बाजूंनी उघडे असेल तरच ती विद्या म्हणावयाची. एकलव्याची कथा या देशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती एका बंद दाराचीच कथा आहे.

त्या दाराची आठवण आजही पुसलेली नाही. नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरांत भिल्लांचा तिरकामठा अद्याप घडतो. त्याला उलटा बाक नसतो, शिंग नसते. बांबूची कांब आणि बांबूच्याच सालीची दोरी. अर्थशास्त्रात नोंदलेली वेणूची दोरी ती हीच. उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी खेड्यात अशाच बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला लिंबाराम १९८७ साली शासकीय निवडचाचणीत हेरला गेला आणि पुढच्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. रांचीची दीपिका कुमारी ही रिक्षाचालकाची कन्याही बांबूच्या धनुष्यावरच प्रथम शिकली. खेळाडूला वर येण्यासाठी वाट मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या वाटेच्या पहिल्याच पायरीवर बांबूचे धनुष्य बाजूला ठेवून परदेशी बनावटीचे, लाखाच्या वर किंमत असलेले साधन हाती घ्यावे लागते, आणि ते न परवडणारी असंख्य मुले तेथूनच मागे फिरतात. ज्याने पहिले धनुष्य घडविले त्याची तर कोठे नोंदही होत नाही.

येथे एक आशेची जागा आहे. देशातील राष्ट्रीय स्पर्धांमध्ये ‘इंडियन राउंड’ या नावाचा प्रकार बांबू-लाकडाच्या धनुष्यासाठी राखलेला आहे. कोरियातील परीक्षेच्या नियमाने जे साधले, त्याचे बीज या प्रकारात आहे. शालेय आणि आश्रमशाळांच्या स्पर्धांत हा प्रकार नेमाने घेतला गेला, आणि त्यासाठी लागणारी धनुष्ये निविदा काढून व्यापाऱ्याकडून न घेता स्थानिक कारागिरांच्या सहकारी संस्थांकडून घेतली गेली, तर मानधनाशिवायही शेकडो हातांना काम मिळेल. त्याच संस्थांमधून, पूर्वी ज्यांनी हे काम केले त्यांच्या नमुन्यांवरून, लाकडी उलट्या बाकाचे धनुष्य पुन्हा घडविण्याचे प्रयोगही होऊ शकतील. म्हशीचे शिंग हा या देशात दुर्मीळ पदार्थ नव्हे.

कच्च्या मालाचा प्रश्न मात्र राजकीय आहे. १९२७ च्या वन कायद्याने गवताच्या कुळातील बांबूला ‘वृक्ष’ ठरविले आणि जंगलात राहणाऱ्यालाच जंगलातील काठी तोडल्याबद्दल गुन्हेगार केले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर ग्रामसभेची मालकी मान्य केली. वृक्षाच्या व्याख्येतून तो वगळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. परंतु कायदा झाला म्हणून हक्क मिळाला असे होत नाही, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने दाखवून दिले. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळूनही आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना स्वतःच्या हाती येण्यास त्या गावाला २०११ पर्यंत झगडावे लागले. जंगलावर ग्रामसभेचा ताबा नसेल, तर धनुष्य घडविणाऱ्याला प्रशिक्षणाची कितीही प्रमाणपत्रे दिली तरी तो वनरक्षकाच्या मेहेरबानीवरच जगणार.

काही जण म्हणतील, की लाखो विणकर, विडी कामगार, ऊसतोड मजूर यांचे प्रश्न समोर असताना मूठभर कमानगरांची चिंता कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचा अव्हेर करता येणार नाही. संख्येच्या हिशेबात कमानगर नगण्य आहे. परंतु काल त्याच्या बाबतीत जे घडले तेच आज विणकराच्या बाबतीत घडत आहे आणि उद्या कारखान्यातील कुशल कामगाराच्या बाबतीतही घडू शकेल. नवे यंत्र येते तेव्हा त्याचा लाभ कोणाला व त्याची झळ कोणाला, हा प्रश्न बंदुकीच्या काळात कोणी विचारला नाही. तो आज विचारला गेला पाहिजे. यंत्राला विरोध हा त्याचा अर्थ नाही. ज्यांच्या कसबावर समाज उभा राहिला त्यांना संक्रमणाच्या काळात पोसण्याची जबाबदारी समाजाने घेतली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तेव्हा आज करावयाच्या मागण्या स्पष्ट आहेत. विश्वकर्मा योजनेतील कर्जाच्या जोडीला शासकीय खरेदीची हमी द्यावी. कुटुंबपरंपरेची अट काढून प्रशिक्षण सर्वांना खुले करावे, आणि शिकविणाऱ्या वृद्ध कारागिराला मानधन व निवृत्तिवेतन मिळावे. वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढून बांबूवरील ग्रामसभेचा अधिकार प्रत्यक्षात आणावा. बरखास्त केलेल्या मंडळाच्या जागी कारागिरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असलेली यंत्रणा उभी करावी. यासाठी कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात प्रथम एक साधे काम करावे: बांबू, लाकूड, शिंग यांत काम करणारे जे हात अजून शिल्लक आहेत त्यांची गावनिहाय नोंद करावी, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात आणि त्यांना संघटनेत आणावे.

धनुष्य घडविणारा दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही हे पुन्हा पुन्हा तपासतो. ताण एकाच भुजेवर पडत राहिला तर ती मोडते, आणि तिच्याबरोबर सारे धनुष्य निकामी होते. समाजरचनेची गोष्ट याहून वेगळी नाही.